व्हॉइस सर

टेबलावर दोन चित्रं शेजारी शेजारी मांडून भैरवी म्हणाली, “सर, आता हे ऐका. मुलगा मुलीकडून ढकलला गेला. कोणतं चित्र?” अनंतरावांचा डावा हात झटकन पुढे गेला आणि एका चित्रावर टेकला. टेकताना त्यांच्या मनात तिळमात्र शंका नव्हती.  भैरवीने तेच वाक्य पुन्हा एकदा, जरा सावकाश म्हटलं. त्यांनी पुन्हा तेच चित्र दाखवलं. चित्रात निळ्या चड्डीतला मुलगा हात पुढे करून उभा होता आणि फ्रॉकातली मुलगी मातीत पडली होती. इतका वेळ भिंतीशी पिशवी मांडीवर घेऊन बसलेली त्यांची बायको रत्नप्रभा घसा खाकरून म्हणाली, “अवो, दुसरं दाखवा न. पोरगा पडला म्हणून राह्यल्या त्या.” पोरगा पडला. हे त्यांना तत्क्षणी कळलं. मुलगा पडला असेल, तर हे चित्र नव्हे. मग त्या आधीच्या वाक्यात असं काय होतं, की ज्याने पडलेल्याला उभं केलं आणि उभ्याला पाडलं? त्यांनी बोटाने खूण केली, पुन्हा म्हणा. भैरवीने म्हटलं. शब्द सगळे ओळखीचे होते. मुलगा ओळखीचा, मुलगी ओळखीची, ढकलणं ओळखीचं. पण तिघं मिळून कानाच्या आत आले की हात सोडून गर्दीत पांगत, आणि कोण कोणाचं हे काही केल्या सापडत नसे.

भैरवी वाचा गेलेल्या माणसांना पुन्हा बोलायला शिकवायची. आठवड्यातून एक दिवस ती नागपूरहून यवतमाळच्या एका दवाखान्यात यायची आणि अनंतराव एसटीने आर्णीहून तिच्याकडे यायचे. श्रावणात एका सकाळी त्यांना लकवा मारला होता. उजवा हात आणि उजवा पाय लुळा पडला. बोलणं तर पार गेलंच होतं. पोळा, गणपती, दसरा त्यांनी मुक्यानेच काढले, आणि मग पहिल्यांदा पाणी, नको, हो असे सुटे शब्द परत येऊ लागले. भैरवी रत्नप्रभेला समजावत होती, “काकू, काळजीचं नाही. समज शाबूत आहे त्यांची. पण या आजारात एवढं होतं, की वाक्यात जो आधी येतो तोच करणारा वाटतो. सरळ वाक्य कळतं. वाक्य उलटवलं, की कोणी कोणाला केलं हे सुटून जातं.” रत्नप्रभेला आधी हसू फुटलं. मग तिने पदर तोंडाला लावला आणि तसंच तोंड झाकून म्हणाली, “बाई, तुमाले माहीत नसंन. ह्या माणसाले सारी आर्णी व्हॉइस सर म्हणते. जिंदगीभर शाळेत पोरायले इंग्रजीची वाक्यंच उलटवाले शिकवली ह्यायनं, अ‍ॅक्टिव्हचं पॅसिव्ह.”

परतीच्या एसटीत खिडकीशी बसून अनंतरावांनी स्वतःची परीक्षा घेतली. मराठीत आपण कच्चे पडलो असू. इंग्रजी तर आपलं शेत होतं. द बॉय पुश्ड द गर्ल. हे लख्ख दिसलं. मुलगा, धक्का, मुलगी, माती. मग त्यांनी डोळे मिटून दुसरं म्हटलं, द बॉय वॉज पुश्ड बाय द गर्ल. आणि पुन्हा तोच निळ्या चड्डीचा मुलगा हात पुढे करून उभा. ‘वॉज’ आणि ‘बाय’ हे दोन बारके शब्द त्यांना ऐकू येत होते, पण नदीतल्या गोट्यांसारखे. पाणी त्यांना वळसा घालून पुढे जात होतं. बाहेर रस्त्याच्या दोन्ही अंगांना पऱ्हाटी पसरली होती. कुठे कापूस फुटला होता, कुठे पानं लाल होऊन वाळली होती. त्या वर्षी जिल्ह्यात पाहुणे फार येत. कधी कॅमेरेवाले, कधी समित्या, कधी मुंबई-दिल्लीची शिकलेली माणसं, आणि पेपरात रोज कापूस बुडाल्याचीच बातमी. एसटीतले लोक त्याबद्दलच बोलत होते. बोलणं अनंतरावांच्या कानांवरून जात होतं आणि त्यांच्या डोळ्यांपुढे एक फळा उभा राहिला होता. फळ्यावर ते दोन बाण काढायचे, एकमेकांना छेदून जाणारे. इकडचा तिकडे, तिकडचा इकडे. मध्ये क्रियापदाचं तिसरं रूप. पोरं खाली मान घालून भराभर वह्या भरायची. कितीतरी पोरं अशी, की जी घरी तांड्यावर बंजाऱ्यांची गोरबोली बोलत, शाळेच्या पटांगणात वऱ्हाडी, बाकावर बसली की पुस्तकी मराठी, आणि मग त्यांच्यापुढे ही इंग्रजी. त्यातलं एखादं, नाक पुसत, ‘राम ईट्स अ मँगो’ला उलटं करून ‘अ मँगो इज ईटन बाय राम’ म्हणायचं, आणि अनंतराव म्हणायचे, “बस, नेक्स्ट.”

नेक्स्ट! त्यांना आता या शब्दाची लाज वाटली नाही, नुसता अचंबा वाटला. काय प्रचंड गोष्ट ते पोरगं करत होतं, आणि आपण हात झटकून म्हणत होतो नेक्स्ट. आंबा पुढे आला, राम मागे गेला, आणि तरी खाणारा रामच राहिला. जगातलं एक पानही हललं नाही, पण सगळं दुसऱ्या बाजूने दिसू लागलं. हे डोक्यात कुठे घडत असेल? कोण घडवत असेल? अरुणावतीच्या पुलावरून त्यांनी इतकी वर्षं सायकल मारली, पण पुलाकडे म्हणून कधी पाहिलं नव्हतं. आता पूल नव्हता आणि ते काठावर उभे होते. आपण रोज केवढ्या उंचीवरून, केवढ्या पाण्यावरून, काही न धरता पलीकडे जात होतो, हे पाहून त्यांची छाती दडपली. लकव्यानंतर त्यांना पुष्कळदा रडू यायचं. उगीच, कशावरही. डॉक्टरने सांगितलं होतं की तेही आजाराचंच आहे. पण एसटीत त्या दिवशी डोळ्यांत आलं ते पाणी आजाराचं नव्हतं. देवळात गाभाऱ्याचं दार अचानक उघडल्यावर येतं तसं ते होतं. शेजारी रत्नप्रभा डुलक्या घेत होती. तिचं डोकं त्यांच्या लुळ्या खांद्यावर टेकलं होतं, आणि त्या खांद्याला ते जाणवत नव्हतं. त्यांनी ते मान वळवून पाहिलं तेव्हा कळलं.

त्यानंतर घरात बसल्या बसल्या ते बायकोची वाक्यं ऐकू लागले. आजवर बायकोचं बोलणं ऐकायची त्यांना सवयच नव्हती. ती बोले, ते पेपर वाचत. आता पेपरातल्या ओळी पोरक्या झाल्या होत्या, ‘करण्यात आले’, ‘देण्यात येईल’, ‘सांगण्यात येते’, आणि कोणी, कोणाला, काही लागत नसे. तिचं बोलणं मात्र थेट आत येई. चहाची कपबशी त्यांच्या डाव्या हातात देऊन ती म्हणायची, “प्या. तुमच्याच्यानं होते.” तुमच्याच्यानं होते. ते कपाकडे पाहत बसायचे. मी पितो असं नाही; माझ्याकडून पिणं होतं. हेही वाक्य उलटवलेलंच की, कर्ता बाजूला सरकवलेला. तरी त्यात त्यांचा पाय घसरत नव्हता, कारण त्यात दोन माणसं नव्हती, एकच होता आणि त्याच्या हातात कप. ती हे कुठे शिकली? तिच्या आईने तिला म्हटलं असेल, आईला तिच्या आईने. व्याकरणाच्या कोणत्या पुस्तकात हे नव्हतं, की आजारी माणसाशी बोलताना त्याला कर्ता करून ओझ्याखाली घालू नये. ते चहा प्यायले. थोडा सदऱ्यावर सांडला. “सांडू द्या,” ती म्हणाली.

लखीराम आला तो अशाच एका दुपारी. दारात चपला काढून, हातातली पिशवी कोपऱ्यात ठेवून तो पायाशी वाकला. दिग्रसच्या बाजूला एक तांडा होता, तिथला हा शेतकरी. तिशी ओलांडलेला, गळ्यात गमछा, कानाच्या पाळ्या उन्हाने करपलेल्या. “सर, मले वळखलं का?” त्याने विचारलं. अनंतरावांनी ओळखलं होतं. नाव जिभेच्या मागेच होतं, पण पुढे येईना. “ल...” ते म्हणाले. “लखीराम,” त्याने घाईने त्यांची सुटका केली. “दहावीले इंग्रजीत दोनदा गेलतो, थोच. तुमी म्हणत व्हते, लखीराम, तू सोडून सारे व्हॉइस पास.” तो हसला. मग हसू आवरून गुडघ्यांवर हात ठेवून बसला. “सर, मले एक वाक्य पाह्यजे. इंग्रजीत. एकच.”

रत्नप्रभा दारातूनच म्हणाली, “अरे बाबा, ह्यायच्या तोंडातून मराठी निंघता निंघत नाही, अन् तू इंग्रजी मांगतं?”

“काकू, आर्णीत दुसरं कोणाले मांगू? अन् सर चुकले तरी माह्यापेक्षा बरोबरच चुकतीन.” मग तो अनंतरावांकडे वळून बोलू लागला. सोमवारी तांड्यावर समिती येणार होती, दिल्लीची. तिचे मोठे साहेब दक्षिणेतले. त्यांना मराठी नाही, हिंदीही जेमतेम. मागच्या महिन्यात असेच एक येऊन गेले होते. “मी सारं सांगतलं. बियाणं बोगस निंघालं. पऱ्हाटी माणसाएवढी झाली, पण बोंड धरलंच नाही. माहीच नाही, अर्ध्या तांड्याची. तालुक्याच्या साहेबानं थे त्यायले इंग्रजीतून सांगतलं. सर, मले इंग्रजी येत नाही, पण माणसाचं नाव त समजते न? मी नाव घेतलं व्हतं. थ्या इंग्रजीत नाव आलंच नाही. पेपरातबी आलं, तर बियाणं सदोष आढळलं, एवढंच. आता मी सोताच सांगतो म्हणलं. पाठ करून सांगतो.”

“कोनाचं नाव?” रत्नप्रभेने विचारलं.

लखीराम गमछ्याच्या टोकाला पीळ देत राहिला. “रजतचं,” तो म्हणाला. “बस स्टँडपाशी कृषी केंद्र हाय न त्याचं.”

 रजत म्हणजे पहिल्या बाकावरचा रजत, ज्याचा पेपर तपासताना अनंतराव लाल पेन खाली ठेवून द्यायचे. आणि श्रावणातल्या त्या सकाळी, दाढी अर्धी झाली असताना अनंतराव मोरीपाशी कोसळले तेव्हा रत्नप्रभेचं ओरडणं ऐकून रस्त्यावरून धावत आला तो रजतच होता. त्याने सरांना पाठुंगळीला घेऊन गाडीत घातलं, यवतमाळपर्यंत गाडी पळवली. अनंतरावांना त्या प्रवासातलं एवढंच आठवत होतं, की साबणाचा फेस त्यांच्या गालावर सुकत होता, पुढच्या सीटवरून एक हात मागे येऊन त्यांचा हात घट्ट धरत होता, आणि कुणीतरी म्हणत होतं, सर, डोळे मिटू नका, सर, माह्याकडं पाहा. डॉक्टर नंतर म्हणाले होते, आणखी उशीर झाला असता तर काही खरं नव्हतं.

“लखीराम, वाईट नको मानू,” रत्नप्रभा आत येत म्हणाली.  “त्या पोरानं आणलं म्हणून हे आज जिते हायेत. तुले दुसरं कोनी लेहून देईन.”

“काकू, मी खोटं बोलून राह्यलो का?” लखीराम हळूच म्हणाला. “अन् मी त्याले शिव्या देत नाही. सरायले त्यानंच दवाखान्यात नेलं, थेबी खरंच हाय. पण थे त्यानं केलं असं तुमी म्हणता न? मंग हेबी त्यानं केलं असं मी म्हणलं, तर काहून बिघडते?”

अनंतरावांना हे सगळं कळत होतं. सरळ वाक्यं होती. त्यांनी रत्नप्रभेकडे पाहिलं, लखीरामकडे पाहिलं, आणि त्यांच्या जुन्या, शिक्षकी डोक्यात एक वाट चटकन उजळली. याच अडचणीसाठी तर इंग्रजीने ती सोय करून ठेवली आहे! करणारा ठाऊक नसेल, किंवा सांगायचा नसेल, तेव्हा त्याला गाळा. ‘बोगस सीड वॉज गिव्हन टू अस’ असंच काहीतरी. त्यात खोटं काही नाही. लखीरामचं दुःख त्यात पुरतं येतं, आणि रजतला ओरखडाही येत नाही. हे वाक्य द्यावं, लखीराम खूश होऊन जाईल, त्याला फरक कळणारही नाही. त्यांनी तोंड उघडलं. “सीड,” ते म्हणाले. आणि थांबले. “सीड... गेव्ह...” नाही. बियांनी दिलं? बियांनी कोणाला काय दिलं? त्यांनी पुन्हा सुरुवात केली. “अस... अस... गेव्ह...” आम्ही दिलं? लखीरामने कोणाला दिलं? शब्द एकामागून एक येत आणि जो आधी येई तोच गुन्हेगार होऊन उभा राही. कपाळावर घाम आला. जी पळवाट त्यांनी पिढ्यान् पिढ्या पोरांना दाखवली, तिच्या तोंडाशी ते उभे होते, आणि वाट त्यांना आत घेत नव्हती. रत्नप्रभा म्हणाली, “ऱ्हाऊ द्या, तरास नका करून घेऊ.” त्यांनी डावा हात वर करून तिला थांबवलं. डोळे मिटले. आणि मग, त्यांनी न बोलावता, आतून एक नाव वर आलं, आणि त्याच्या मागोमाग, दावं सुटलेल्या गाईमागे वासरं यावीत तसे, बाकीचे शब्द आले.

“रजत,” ते म्हणाले. “रजत... गेव्ह... अस... बोगस... सीड.”

श्रावणापासून त्यांच्या तोंडून निघालेलं ते पहिलं सबंध वाक्य होतं. इंग्रजीतलंच नव्हे, कोणत्याही भाषेतलं. रत्नप्रभेने हातातली बशी तशीच धरून ठेवली. लखीराम ओठ हलवत ते वाक्य पुन्हा पुन्हा म्हणू लागला, शाळेत कधी केली नव्हती अशी घोकंपट्टी, “रजत गेव्ह अस, रजत गेव्ह अस बोगस सीड,” आणि अनंतराव भिंतीला डोकं टेकून बसले होते. त्यांना आनंद झाला नव्हता. त्यांना भीती वाटत होती. मोठ्या, आपल्याहून जुन्या झाडाखाली उभं राहून वर पाहिल्यावर वाटते तशी. आपण झाकायला निघालो होतो. झाकणारं जे काही असतं डोक्यात, ते तर लकव्याने नेलं. आता आत उरलंय ते एवढंच, कोणी केलं, काय केलं, कोणाला केलं. हे माझ्या आत माझ्याही आधीपासून होतं का?

लखीराम गेल्यावर रत्नप्रभेने दिवा लावला, आणि त्यांच्याकडे पाठ करूनच विचारलं, “तुमी जाणून केलं का?” त्यांनी मान हलवली. नाही म्हणून की माहीत नाही म्हणून, हे त्यांनाच सांगता आलं नसतं.

सोमवारी लखीराम फटफटी घेऊन दारात. “सर समोर बसले तर मले आठवन,” तो म्हणाला. रत्नप्रभा आधी चिडली, मग आतून मफलर आणून तिने नवऱ्याच्या कानांना बांधला आणि लखीरामला बजावलं, “हळू चालवजो. त्यायचा उजवा पाय त्यायले समजत नाही, तू ध्यान ठेवजो.” तांड्यावरच्या शाळेच्या ओसरीत खुर्च्या मांडल्या होत्या. माणसं उन्हात बसली होती, बाया एका बाजूला. आणि ओसरीच्या खांबाशी पाण्याच्या बाटल्यांचा खोका उघडत उभा होता रजत. तालुक्याच्या साहेबांची अशी सरबराई तोच करायचा. सरांना पाहताच तो खोका टाकून धावत आला. “सर! तुमी कायले तरास घेतला?” त्याने त्यांना धरून उतरवलं, पहिल्या रांगेत खुर्चीवर बसवलं, पाठीशी स्वतःचं जाकीट घडी करून लावलं. त्याची दाढी वाढली होती. डोळ्यांखाली काळं आलं होतं. अनंतरावांनी त्याच्या चेहऱ्याकडे पाहिलं. त्यांना पहिल्या बाकावरचा पोरगाही दिसला आणि गाडीतला हातही दिसला. या दोघांच्या मागे बियाण्याचं पाकीट देणारा तिसरा हात होता, आणि तोही याचाच होता. एकच कर्ता. इतकी निरनिराळी वाक्यं, आणि सगळ्यांना एकच कर्ता. माणूस म्हणजे हेच की काय, असं त्यांना वाटून गेलं.

समितीचे मोठे साहेब पांढऱ्या केसांचे, शांत गृहस्थ होते. ते प्रत्येकाचं ऐकून घेत होते. तालुक्याचे साहेब मध्ये उभे राहून इकडचं तिकडे करत होते. लखीरामची पाळी आली. तो उठला, अनंतरावांकडे पाहिलं, मग त्याची नजर परत खांबाशी जाऊन उभ्या राहिलेल्या रजतकडे गेली आणि तिथेच अडकली. “सर,” तो म्हणाला, आणि पुढचं नाव त्याच्या घशातच विरघळलं. ओठ हलले, आवाज आला नाही. “...गेव्ह अस बोगस सीड,” एवढंच बाहेर पडलं. मोठ्या साहेबांनी कान पुढे केला. तालुक्याचे साहेब हसून म्हणाले, “ही सेज दे वेअर सप्लाइड स्पुरिअस सीड, सर.” मोठे साहेब मान डोलावून लिहू लागले.

अनंतराव खुर्चीत ताठ झाले. दे सप्लाइड. यांनी पुरवलं? लखीरामने पुरवलं? तांड्याने स्वतःच खोटं बियाणं पुरवलं? काय सांगतो आहे हा माणूस? त्यांनी ते वाक्य पुन्हा कानात फिरवलं. आत काहीतरी वाकडं होतं, एक ‘वेअर’ ओझरता दिसत होता, म्हणजे हे उलटवलेलं होतं, म्हणजे कुणीतरी मागे असायला हवा होता. त्यांनी वाक्याच्या शेवटापर्यंत जाऊन पाहिलं. तिथे कुणी नव्हतं. मोकळी जागा होती. साहेबांचं पेन त्या मोकळ्या जागेवरून पुढच्या ओळीकडे निघालं होतं. त्यांना समजेना म्हणून, खरोखरच समजेना म्हणून, भर सभेत ते डाव्या हाताने खुर्चीला रेटा देऊन उठले आणि शाळेच्या वर्गात जो आवाज असायचा त्याच आवाजात त्यांनी विचारलं, “बाय हूम?”

 मोठ्या साहेबांचं पेन थांबलं. तालुक्याचे साहेब म्हणाले, “सर, ही इज नॉट वेल, ही...” पण त्यांचं बोलणं पुरं झालं नाही. खांबाशी काहीतरी हललं. पोरगं वर्गात प्रश्न आल्यावर उठतं तसा, दोन्ही हात शिवणीला लावून, रजत सरळ झाला होता. तो सरांकडेच पाहत होता, दुसऱ्या कुणाकडे नाही.

“बाय मी, सर,” तो म्हणाला.

मी. इंग्रजीतलं ते ‘मी’, मागे ढकललेलं, कर्तेपण काढून घेतलेलं. आणि कानावर पडलं ते आपलं ‘मी’, सगळ्या वाक्यांच्या आधी येणारं. इतकी वर्षं हा शब्द त्यांनी फळ्यावर लिहिला, पुसला, आणि त्यांना कधी ऐकू आला नव्हता. त्यांच्या अंगावर काटा आला, उजव्या, मेलेल्या अंगावरसुद्धा. निदान त्यांना तसं वाटलं. हा माणूस गाळता येत होता. व्याकरणाची मुभा होती. त्याच्यावाचून वाक्य पुरं होत होतं, कागदावर उतरलंही होतं, आणि जगात कोणी काही म्हणणार नव्हतं. आणि तो आपल्या पायांनी चालत येऊन त्या मोकळ्या जागेत उभा राहिला होता.

पुढे रजत मराठीतच बोलला, खाली पाहत, तुटक. माल त्याला वरूनच तसा आला होता. पाकिटावरचा शिक्का पाहून तेव्हाच शंका आली होती. तरी विकला. लोकांत गलका झाला. कुणी शिवी दिली, कुणी ‘बोलू द्या त्याले’ म्हणालं. मोठ्या साहेबांनी त्याचं नाव विचारून लिहून घेतलं, स्पेलिंगसकट. त्यानंतर त्याचं दुकान पुष्कळ महिने बंद राहिलं, वरचा माणूस काही सापडला नाही, आणि लखीरामने पुढल्या साली त्या वावरात तूर पेरली. अनंतरावांना सरळ वाक्यं हळूहळू सगळी परत मिळाली, उलटी मात्र शेवटपर्यंत अडखळतच आली. पण हे सारं नंतरचं.

त्या दुपारी सभा उठल्यावर लखीरामने फटफटी शाळेच्या दाराशी आणली आणि दोन्ही पाय रोवून ती धरून ठेवली. अनंतराव मागे बसले. उजवा पाय खाली लोंबत राहिला. लोक जरा अंतर ठेवून उभे होते. त्यांच्यातून रजत पुढे आला. लखीरामने मान वळवून त्याच्याकडे पाहिलं.  रजत वाकला, त्याने सरांचा लुळा पाय घोट्याशी धरून उचलला, टेकणावर ठेवला, घसरतो का ते हाताने दाबून पाहिलं, आणि तसाच वाकलेला राहून म्हणाला, “ने. हळू ने.” लखीरामने किक मारली.